रोजची दया

‘तुझा धर्म कोणता?’ असे कोणी विचारले, तर आपण चटकन उत्तर देतो. परंतु ‘तुझ्या धर्माने आज कोणाचे दुःख हलके केले?’ असे विचारले, तर क्षणभर थांबावे लागते. माझ्या मते हा दुसरा प्रश्नच अधिक मोलाचा आहे. आणि त्याचे उत्तर आपल्या घरातच घडत असते.

बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यात, दहिवंडी नावाचे गाव आहे. हा मुलूख अवर्षणाचा. तेथील शब्बीर सय्यद यांचे घराणे मूळचे खाटकाचा व्यवसाय करणारे. त्यांच्या वडिलांनी तो व्यवसाय सोडला आणि गाई सांभाळण्यास आरंभ केला. पित्याचा हा वसा पुत्राने चालवला, घरातील माणसांनी त्याला हातभार लावला, आणि पाहता पाहता दावणीला शंभराहून अधिक जनावरे झाली. २०१९ साली भारत सरकारने शब्बीरभाईंना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले.

गौरवाचा दिवस एकच असतो. चारापाण्याची चिंता मात्र रोजची. २०१६ साली शेजारच्या लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले, इतका मराठवाड्यातील दुष्काळ कठीण होता. एका मोठ्या गाईला दिवसाकाठी सुमारे चाळीस लिटर पाणी लागते. शंभर गाईंना किती लागेल, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. म्हणजे दया ही केवळ मनातील कळवळा नसून कष्टाचे काम आहे, हे तुमच्या ध्यानी येईल.

तुम्ही म्हणाल, ‘माणसांनाच पाणी पुरत नाही, तेथे जनावरांची काळजी कशाला?’ शंका रास्त आहे. परंतु दया ही काही रांजणातील पाणी नव्हे, की एकास दिली म्हणजे दुसऱ्यास उणी पडावी. ती वापराने वाढते. मात्र जनावरावर माया आणि माणसाशी कठोरपणा, अशी दया मला अपुरी वाटते.

आपले सर्व धर्म हेच सांगत आले आहेत. गोदाकाठच्या पैठणच्या एकनाथ महाराजांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, अशी कथा आहे. इस्लामी परंपरेतही एका वाटसरूची कथा सांगतात. तहानेला कुत्रा पाहून तो विहिरीत उतरला, आपल्या जोड्यात पाणी भरून त्याने त्या मुक्या जिवाला पाजले, आणि ईश्वराने त्याचे अपराध क्षमा केले. कथा दोन, पण तहान एकच!

मुलांनो, दया करण्यास शंभर गाई हव्यात असे नाही. पावसाळा सरला, की आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीला परगावी जातात आणि त्यांची काही मुले आजी-आजोबांपाशी राहतात. असा एखादा सोबती तुमच्या वर्गात असेल. त्याला आपल्या डब्यातील भाकरी द्या, पण उपकार केल्याच्या भावनेने देऊ नका. बुडालेला धडा समजावून द्या. घरी आजीला मागण्यापूर्वी पाण्याचा तांब्या नेऊन द्या. आणि हे एक दिवस करून थांबू नका. गाईला आज पाणी पाजले, तरी उद्या तिला पुन्हा तहान लागतेच.