चंद्रावरील गांवकरी

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे विक्रम यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशाजवळ सुखरूप उतरले. त्यासाठी देशभर देवळांतून पूजा-अभिषेक झाले आणि त्या आनंदात आम्ही मनःपूर्वक सहभागी होतो. उतरल्या जागेस 'शिवशक्ती' हे नाव मिळाले व मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ते मान्य केले, ह्याचाही आम्हांस संतोष आहे. तेव्हा पुढील मजकूर वाचून आम्ही अवकाशसंशोधनाचे वैरी आहोत असा ग्रह कोणी करून घेऊ नये. आमचा आक्षेप एका शब्दप्रयोगाला आहे, आणि त्याच्या आडोशाने जे आत शिरू पाहते आहे त्याला आहे.

'मानवी शोधाचा पुढचा अध्याय' हा तो शब्दप्रयोग होय. कोलंबस, वास्को द गामा, मॅगेलन आणि त्यांच्यामागून चांद्रवीर, अशी मालिका मोठ्या अभिमानाने लावली जाते. ती लावणाऱ्यांनी मागचा अध्याय वाचला असेल. आमच्या पूर्वजांनी तो भोगला आहे. ज्या समुद्रावर अरब आणि गुजराती तांडेल पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करीत होते, त्या समुद्राचा 'शोध' गामाने १४९८ साली लावला, आणि तोही मालिंदीहून घेतलेल्या वाटाड्याच्या बळावर! तत्पूर्वीच, १४९४ साली, स्पेन व पोर्तुगाल ह्यांनी न पाहिलेले जग एका रेघेने आपसांत वाटून घेतले होते. गामा परतताच पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानादी देशांच्या 'विजय, नौकानयन व व्यापार' ह्यांचा स्वामी अशी पदवी धारण केली. १५१० साली गोवे पडले. १५६० साली श्रीमंगेशास कुशस्थळी सोडून जुवारीपलीकडे प्रियोळास यावे लागले. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. ज्यांची कुलदैवते आजही मूळ स्थानी नाहीत, त्यांना 'शोध' ह्या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

'परंतु चंद्रावर ना गाव, ना देऊळ. तेथे अन्याय कोणावर होणार?' असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. अन्याय व्हावयाचा तो मागाहून येणाऱ्यांवर. चंद्रभूमी अफाट असली तरी उपयोगाच्या जागा मोजक्याच आहेत. ध्रुवांजवळच्या ज्या खोल विवरांत अब्जावधी वर्षे सूर्यकिरण शिरला नाही, तेथे बर्फ साठून आहे. आणि जवळपासच्या काही थोड्या कड्यांवर वर्षाचा बराच काळ ऊन असते. पाणी आणि वीज जेथे शेजारी मिळतात, तेथेच वस्ती होणार. जो प्रथम पोहोचेल, तोच तेथे पाय रोवील.

१९६७ च्या अवकाश-कराराने कोणत्याही राष्ट्रास चंद्रावर मालकी सांगण्यास मनाई केली आहे. ह्या एका कलमातच नव्या अध्यायाचे वेगळेपण आहे, आणि त्यालाच भोक पाडण्याचे काम चालू आहे. २०१५ साली अमेरिकेने कायदा करून, जमीन नव्हे पण तिच्यातून काढलेला माल आपल्या नागरिकांचा, असे ठरविले. २०२० च्या आर्टेमिस मसुद्याने तेच तत्त्व पुढे नेले आणि कामाच्या जागेभोवती 'सुरक्षा-क्षेत्रे' मान्य केली. ही क्षेत्रे तात्पुरती असावीत व कोणाची वाट अडवू नये असे त्यात म्हटले आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण समुद्राचे पाणी तरी पोर्तुगीजांनी कोठे मागितले होते? त्यांनी फक्त 'कार्ताझ' नावाचा परवाना काढला. तो जवळ नसलेले जहाज लुटले जाई, आणि मोगलांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे.

आमच्या हाताशी दुसरे एक उदाहरण आहे. गोव्याच्या गांवकरीत जमीन एकट्याची नसे, गावाची असे; बांध, तळी, देवस्थान ह्यांचा खर्च भागून उरेल ते वाटले जाई. १५२६ च्या सनदेत खुद्द पोर्तुगीजांनीच ह्या चालीरीतींची नोंद केली. गांवकरी निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. शेतात राबणाऱ्या पुष्कळांना तीत वाटा नव्हता, बायकांनाही नव्हता. हा दोष डोळ्यांआड करून तिचे गोडवे गाणे आम्हांस मान्य नाही. तरीही चंद्र ही सर्व मानवजातीची सामाईक ठेव मानणारा १९७९ चा करार ह्याच जातीचा आहे. भारताने त्यावर १९८२ साली सही केली; पक्के अनुमोदन मात्र कधीच दिले नाही. उलट जून २०२३ मध्ये आर्टेमिस मसुद्यावर सही करून तो मोकळा झाला. हे दोन दरडींवर पाय ठेवणे झाले.

आणि आमची मंडळी काय करीत आहेत? यान उतरले की पेढे वाटावयाचे, आणि हे सारे आमच्या पुराणांत होतेच असे सांगून घरी जावयाचे! पुराणांचा मान आम्हांसही आहे. पण २००८ च्या चांद्रयान-१ वरील उपकरणांनी चंद्रावरील पाण्याचा जो पुरावा दिला, तो वेधाने मिळाला, पोथीने नव्हे.

अवकाशातील साधनसंपत्तीचे नियम ठरविण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या विधी उपसमितीने २०२१ साली एक कार्यगट नेमला. भारत तेथे कोणती बाजू मांडतो, हे संसदेत व जाहीरपणे सांगितले जावे. चांद्रयानासाठी अभिषेक करणाऱ्या देवस्थान समित्यांनी एवढी मागणी करणारा एक ठराव पुढच्या सभेत करावा, आणि आपल्या भागातील खासदारांकडे धाडावा.