शिकार गेली, शब्द का जावेत?

परवा वर्गात ‘माग काढणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला. ‘मोबाइलवरून ठिकाण शोधणे’, असे उत्तर आले. उत्तर चूक नव्हते. पण त्यात माती नव्हती. नौपाड्यातल्या आमच्या गच्चीतून जे येऊरचे डोंगर दिसतात, तेथे सांबरे आहेत हेही बहुतेकांना ठाऊक नव्हते.

शिकारीचा बेत म्हणजे नुसती बंदुकीची सफाई नव्हे. सांबराचे नाक मोठे तीक्ष्ण. उन्हाने उतार तापले की वारा चढणीला लागतो, सांजेला गार हवा दरीत उतरते. म्हणून कोणत्या प्रहरी कोणत्या अंगाने जायचे, हे आधी ठरवावे लागे. पाणवठा, खुरांचे ताजे-शिळे ठसे, खोडावर शिंगे घासल्याच्या खुणा, चांदण्याची तिथी, एवढे वाचल्यावाचून माचाणाची जागा ठरत नसे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ सरकारी रानांत परवाना घेऊन एल्कच्या, म्हणजे सांबराच्या थोराड भाऊबंदाच्या, शिकारीला निघणारा माणूस आजही हाच अभ्यास करतो.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा अध्याय मिटत गेला, आणि ते योग्यच झाले. शिकारकथांतल्या पराक्रमाविषयी मला हळहळ नाही. खंत वेगळी आहे. शिकारीच्या भाषेतले हिंसेचे शब्द आपण जपले. ‘सावज’, ‘दबा धरणे’, ‘टिपणे’ गुन्हेवार्तांमध्ये सुखाने नांदत आहेत. हरवले ते धीराचे, निरीक्षणाचे शब्द.

ते बंदुकीवाचूनही जगू शकतात, याचा दाखला मराठीतच आहे. व्यंकटेश माडगूळकर स्वतः शिकारी होते. ‘नागझिरा’मध्ये मात्र ते केवळ पाहण्यासाठी रानात राहतात. मागावर असलेल्या माणसाची नजर तीच, हेतू तेवढा बदललेला. मारुती चितमपल्ली तर वनाधिकारी. रानातल्या माणसांकडून त्यांनी वेचलेले शब्द आपल्या गद्यात आले. हे लेखन ‘निसर्गवर्णन’ या एका शीर्षकाखाली शिकवून आपण मोकळे होतो, तेव्हा त्यातले ज्ञान गळून पडते आणि उरते ती शोभा.

वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या रात्री येऊरच्या रानात प्राणिगणनेसाठी माणसे माचाणावर बसत आली आहेत. तेच माचाण, तोच पाणवठा, तेच चांदणे. हाती बंदुकीऐवजी वही. ‘माग’ या शब्दाचा अर्थ मी वर्गात पुन्हा सांगणार आहे, पण आता फळ्यावर नव्हे. एखाद्या पहाटे विद्यार्थ्यांना येऊरच्या वाटेवर नेईन आणि म्हणेन, आधी वारा कोठून येतो ते सांगा.