फोडीतली काच आणि वीस लाखांचे यंत्र



मागच्या महिन्यात सफाळे स्टेशनवर उतरून एडवणला गेलो होतो. जायचे होते नारळाच्या बागा पाहायला, पण अडकलो एका घराच्या ओटीवर. तिथे बचत गटाच्या नऊ-दहा बाया जमल्या होत्या आणि मधोमध एका काडेपेटीत कापसावर हिरव्या काचेचा एक तुकडा ठेवलेला होता. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा. बांगडीचाच होता, त्यात शंका नव्हती.

हा गट चिकूच्या सुक्या फोडी करतो. काही चिकू घरच्या वाड्यांतला, बाकीचा डहाणू-घोलवडकडून आणलेला. मुंबईचा एक व्यापारी माल घेतो आणि त्याच्या एका गिऱ्हाइकाच्या पाकिटात हा तुकडा निघाला. नशीब चांगले म्हणून तो दाताखाली येण्याआधी दिसला. व्यापाऱ्याने निरोप धाडला होता, ‘पुढचा माल एक्स-रे यंत्रातून तपासून द्या, नाहीतर व्यवहार बंद.’ यंत्र विकणाऱ्याचा माणूस माहितीपत्रक देऊन गेला होता. किंमत वीस लाख. त्यासाठी वाडी गहाण टाकावी का, हा ओटीवरचा प्रश्न होता.

आधी हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. 1895 साली जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले. त्यांनी दवाखान्यात हाड दिसते तसाच कारखान्यात पट्ट्यावरून जाणाऱ्या पाकिटाचा सावलीसारखा फोटो निघतो. जी वस्तू फोडीपेक्षा जास्त घन, तिची सावली गडद पडते. लोखंड, पोलाद, दगड, जाड काच, जाड हाड यांचा असा पत्ता लागतो. केस, दोरा, कागद, लाकडाची ढलपी, पातळ प्लॅस्टिक, किडा यांची सावली फोडीच्या सावलीतच मिसळते आणि ते सुटतात. चिकूची बीही घनतेने फोडीच्या जवळची, तेव्हा यंत्र बी वेचून देईल असे धरून चालू नका. ते काम बायकांच्या डोळ्यांचेच आहे.

आपल्या कोकणच्या बाबतीत या किरणांचा उपयोग तपासून झालेला आहे. हापूसचा साका तुम्हाला ठाऊक आहेच. वरून फळ सोन्यासारखे आणि कापले की आत पांढरट, फोपसा, आंबट गर. 1993 साली तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, आंबा न कापता क्ष-किरण चित्रात हा साका ओळखता येतो, कारण तिथे गरात पोकळ्या पडलेल्या असतात. दोन वर्षांनी त्यांनी कोयीतला भुंगाही असाच शोधला. विद्या उत्तम आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. यंत्र साका झालेला आंबा बाजूला काढते, तो बरा करत नाही. बाजूला काढलेल्या आंब्याचा तोटा बागायतदाराचाच राहतो. म्हणून आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो की, फळ झाडावर पूर्ण पिकू देऊ नका, चौदा आणे तयार झाले की उतरवा आणि उतरवल्यावर तापल्या जमिनीवर टाकू नका, सावलीत ठेवा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने 1981 साली ‘रत्ना’ ही साका न होणारी जात दिली, तीही याच विचाराने. दोष जिथे उपजतो तिथे तो स्वस्तात आवरतो.

घरातल्या आजींनी मध्येच विचारले, ‘किरण लागलेले चिकू नातवंडांनी खायचे का?’ तारापूरची अणुवीज 1969 पासून इथून जवळच तयार होते आहे, त्यामुळे या भागात हा प्रश्न निघतोच. बटण बंद केले की बॅटरीचा उजेड भिंतीत उरतो का? तसेच क्ष-किरण फोडीत उरत नाहीत. लासलगावला कांदा-आंब्यावर विकिरण होते, ती प्रक्रिया वेगळी. तिथे कोबाल्टचे गॅमा किरण भरपूर मात्रेत देऊन कांद्याचे मोड थांबवतात, आंब्यातली कीड निकामी करतात आणि तशा मालावर विकिरणाची खूण छापावी लागते. तपासणीच्या यंत्रात फोडी क्षणभर जातात आणि मात्रा अगदी नगण्य असते. धोका असेल तर यंत्र चालवणाऱ्याला, तोसुद्धा दार-पडदे काढून ते चालवले तर. म्हणून अशा यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे रीतसर नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याला ही नोंदणी कोण करून देणार, हे पहिल्याच भेटीत विचारा आणि त्याचे उत्तर कागदावर घ्या.

आता पैशाचा हिशेब. पुढचे आकडे मी त्या ओटीवर समजुतीसाठी धरले, बाजारभाव म्हणून ते कुठे सांगू नका. तुमच्या हाती आलेल्या दरपत्रकातले आकडे त्यांच्या जागी घाला, रीत तीच राहील.

समजा यंत्र 20 लाखांचे. वाहतूक, चबुतरा, विजेचा दाब सांभाळणारा स्टॅबिलायझर आणि खोली थंड ठेवायची सोय मिळून आणखी 2 लाख. एडवणसारख्या गावात शेवटची बाब टाळता येणार नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेने छपराचे पत्रे चाळण होतात, तिथे नाजूक यंत्राची काय कथा! एकूण 22 लाख, दहा वर्षे टिकेल असे धरले तर वर्षाला 2 लाख 20 हजार घसारा. बँकेचे व्याज सरासरी 1 लाख. दुरुस्तीचा वार्षिक करार दीड लाख. आत किरण निर्माण करणारी नळी असते, ती काही वर्षांनी बदलावी लागते. ती 4 लाखांची आणि पाच वर्षे चालणारी धरली, तर वर्षाला 80 हजार बाजूला काढायला हवेत. माहितीपत्रकात या नळीचे नावही नव्हते. वीज 40 हजार. यंत्रावर बसणाऱ्या मुलीला हंगामाचे सहा महिने दरमहा 12 हजारांप्रमाणे 72 हजार. बेरीज 6 लाख 62 हजार.

गटाचा वर्षाचा माल सहा टन, म्हणजे 6 हजार किलो. भागाकार केला तर किलोमागे 110 रुपये नुसत्या तपासणीचे. ओटीवर एकदम शांतता पसरली. एक किलो सुक्या फोडीला साडेचार-पाच किलो ओला चिकू लागतो. सोलणे, कापणे, वाळवणे हा सगळा खटाटोप करून बायकांच्या हाती किलोमागे तेवढे तरी उरतात का?

हेच यंत्र वर्षाला साठ टन माल तपासणाऱ्याकडे असेल, तर मजुरी थोडी वाढून खर्च किलोला अकरा-बारा रुपयांवर येतो. यंत्र महाग की स्वस्त हे त्याच्या किमतीवरून कळत नाही, पट्ट्यावरून माल किती जातो त्यावरून कळते. ट्रॅक्टरच्या वेळी आपण हे शिकलो होतो. दोन एकरांसाठी ट्रॅक्टर घेणारे पुढे हप्ते भरता भरता बैलही विकून बसले.

कुणी म्हणेल, अनुदान आहे ना! 2020 साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र खर्चाच्या 35 टक्के, एका घटकाला कमाल 10 लाख रुपये, अशी कर्जाला जोडलेली मदत ठेवलेली होती. सध्या काय लागू आहे, तुमचा गट कुठे बसतो, ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. पण वरच्या हिशेबात अनुदानाने फक्त घसारा आणि व्याज हलके होते. नळी, करार, वीज आणि मजुरी यांचे 3 लाख 42 हजार तसेच राहतात, म्हणजे किलोला 57 रुपये. आयुष्यात मी अनुदानावर घेतलेली पुष्कळ यंत्रे गोणपाटाखाली झाकलेली पाहिली आहेत. त्यांतल्या एकाची शिफारस माझ्याच सहीची होती, त्या घरी जायला अजून पाय अडखळतो.

मग धातुशोधक यंत्र घ्यावे का? समजा ते बसवण्यासह साडेचार लाखांत झाले. घसारा 45 हजार, व्याज 20 हजार, देखभाल 25 हजार, वीज 5 हजार, मिळून 95 हजार. पाकिटे भरणारी बाईच ते सांभाळू शकते. किलोला सोळा रुपये. कापणी यंत्राच्या पात्याचा टवका उडाला तर ते तो पकडेल. लोखंड सहज सापडते, स्टेनलेस पोलाद त्याहून अवघड, म्हणून त्याचा तुकडा जरा मोठा असावा लागतो. या गटाची पाकिटे आतून ॲल्युमिनियमच्या वर्खाची आहेत, त्यातून धातुशोधकाला नीट कळत नाही. व्यापाऱ्याने एक्स-रेचा हट्ट धरला त्याचे हेही एक कारण. यावर तोड साधी आहे. फोडी पाकिटात भरण्याआधी सुट्या असतानाच तपासायच्या. चिकूची फोड कोरडी असते, त्यामुळे यंत्र गोंधळत नाही. लोणचे किंवा ओली मासळी असती तर मिठाने आणि पाण्याने त्याला चकवले असते.

पण बांगडीची काच धातुशोधकाला दिसत नाही. तक्रार तर काचेचीच होती.

तेव्हा मी विचारले, ‘ताई, फोडी निवडताना बांगड्या हातात असतात?’ सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. एक सून म्हणाली, कोपरापर्यंत कापडी बाह्या शिवून घालू. मी म्हटले, बाहीत बांगडी फुटली तर काच बाहीत राहते आणि बाही काढताना ताटात पडते. अन्नसुरक्षेच्या नियमांतही धोका होईल असे दागिने घालून अन्न हाताळू नये असेच आहे. ‘सवाष्णीने हात मोकळे ठेवायचे?’ कुणीतरी हळूच म्हणाले. खरे सांगतो, यावर मला काही बोलता येईना. बीएस्सीला हा विषय नव्हता. शेवटी आजीच पुढे झाल्या. दारामागच्या खुंटीवर एक पितळी डबा टांगायचा, काम सुरू करताना बांगड्या त्यात ठेवायच्या आणि घरी जाताना घालून जायचे, असे त्यांनी ठरवून टाकले. ‘कणीक मळताना अंगठी काढतोच की आपण,’ त्या म्हणाल्या. पहिल्या बांगड्या त्यांच्या जावेने काढल्या.

त्याच बैठकीत आणखी काही गोष्टी झाल्या. ट्यूबलाइटला प्लॅस्टिकचे आवरण. गोणी उघडताना टाचणी निघाली तर ती मोजून डबीत. पाती सकाळी किती, संध्याकाळी किती, ते वहीत लिहायचे, टवका दिसला तर त्या पाळीचा माल अडकवून ठेवायचा. निवडायच्या टेबलावर पांढरा पत्रा आणि वर चांगला दिवा. हे सगळे सात-आठ हजारांत बसते. एडवणच्या ज्या घरी जवळा सुकवतात त्यांनाही सांगतो, वाळूवर पसरलेल्या जवळ्यातली बारीक रेती वीस लाखांचे यंत्रही काढून देणार नाही. उंच मांडवावर जाळी टाकून सुकवलेल्या जवळ्यात ती शिरतच नाही.

व्यापाऱ्याचे काय? त्याला नुसते ‘एक्स-रे लावतो’ म्हणून चालणार नाही. कोणती वस्तू, किती मिलिमीटरची, पकडली गेली पाहिजे, ते त्याच्याकडून लिहून घ्यायचे. तपासणीचा खर्च भावात किती धरणार तेही त्याच पत्रात. मग यंत्र असलेल्या एखाद्या कारखान्यात, सुट्टीच्या पाळीत, त्याच्यापुरता माल मजुरीवर तपासून घेता येतो. बोईसरकडे माल न्यायला टेम्पोला फार वेळ लागत नाही. चांगली असलेली किती पाकिटे यंत्र उगाच बाजूला टाकते, तेही तिथेच मोजावे. शंभरात एक टाकले तरी सहा टनांत साठ किलो माल होतो.

गटाने तसे पत्र व्यापाऱ्याला धाडले आणि एका कारखान्यात चाचणी करून पाहिली. जाताना आपल्याच वापरातल्या वस्तू नेल्या होत्या. पात्याचा टवका, अंगणातला खडा, चिकूची बी आणि काडेपेटीतला तो हिरवा तुकडा. एकेक वस्तू पाकिटात घालून दहा-दहा वेळा पट्ट्यावरून सोडली. टवका आणि खडा दहाही वेळा सापडले. बी एकदाही नाही. बांगडीचा तुकडा सात वेळा सापडला. उभा असताना सापडायचा, फोडींत आडवा पडला की निसटायचा. काडेपेटी आता पितळी डब्याशेजारी त्याच खुंटीखाली ठेवली आहे.