पशुपतिनाथाला जायचे, पण कोणते कार्ड घेऊन?

कापसाची शेवटची वेचणी झाली, तूर घरात आली, की आपल्या बाभुळगाव तालुक्यात यात्रेच्या गोष्टी सुरू होतात. काशी, अयोध्या, गया आणि तसेच पुढे नेपाळ. पशुपतिनाथ, लुंबिनी, कोणाची तब्येत साथ देत असेल तर मुक्तिनाथ. वीस-पंचवीस माणसे जमतात, कोणीतरी पुढाकार घेतो, पैसे गोळा होतात. मग कोणी विचारतेच, ‘कागद काय लागतात?’ आणि पारावरून उत्तर येते, ‘आधार कार्ड हाये नं आपल्यापाशी, मंग अजून काय पाह्यजे?’

इथेच थांबा. आधार कार्डावर बँकेचे खाते उघडते, राशन मिळते, अनुदान जमा होते. नेपाळला जाण्यासाठी मात्र 15 ते 65 वर्षे वयाच्या माणसाला ते चालत नाही. त्याला दोनपैकी एक वस्तू लागते: पासपोर्ट, नाहीतर निवडणूक आयोगाचे फोटो असलेले मतदार ओळखपत्र. व्हिसा लागत नाही. भारत आणि नेपाळ यांच्यात 31 जुलै 1950 रोजी मैत्रीचा करार झाला, त्यामुळे ही सवलत दोन्हीकडच्या लोकांना आहे.

आधार का चालू नये, असे तुम्हाला वाटेल. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. आधार हे या देशात राहणाऱ्या माणसाचे कार्ड आहे. परदेशातून येऊन इथे वर्षातले 182 दिवस राहिलेल्या माणसालाही ते काढता येते. म्हणजे ते तुमची ओळख सांगते, तुमचे नागरिकत्व सांगत नाही. मतदार यादीत मात्र भारताच्या नागरिकालाच नाव घालता येते. सीमेवरच्या माणसाला तुमचा पत्ता नको असतो, तुम्ही कोणत्या देशाचे हे हवे असते. आणि हे जाताना जितके लागते त्याहून अधिक परत येताना लागते.

वयाची सूट आहे, तीही नीट ध्यानात घ्या. 15 वर्षांखालची मुले आणि 65 वर्षांवरची म्हातारी माणसे यांना फोटो असलेले दुसरे ओळखपत्र चालते, आणि जानेवारी 2019 पासून त्यांच्यासाठी आधारही धरले जाते. घोटाळा होतो तो इथेच. मागे आजोबा आधारावर जाऊन आलेले असतात, ते सगळ्यांना छातीठोकपणे सांगतात की काही लागत नाही. आजोबांचे खरे, पण ते आजोबांपुरते! त्यांच्या चाळीस वर्षांच्या मुलाला ते लागू नाही.

15 ते 18 वयाचा मुलगा किंवा मुलगी सोबत असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांकडून ठरावीक नमुन्यातला ओळखीचा दाखला घ्यावा. तो सुटी लागण्यापूर्वी मागावा, मागाहून शाळेला कुलूप असते. नवरा, बायको, अज्ञान मुले आणि आईवडील असे एक कुटुंब मिळून जात असेल, तर एका मोठ्या माणसाजवळ पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असले तरी नियमाने भागते. बाकीच्यांजवळ फोटोचा काही पुरावा आणि नाते दाखवणारा कागद, जसे राशन कार्ड, असावा लागतो. चुलत भाऊ, मेहुणा, शेजारी हे यात बसत नाहीत. माझे मत विचाराल तर या सवलतीवर विसंबू नये. गर्दीत कुटुंबाची ताटातूट झाली आणि कार्ड एकाच्याच खिशात असले, तर बाकीच्यांनी काय दाखवावे?

आता बायाबापड्यांची खरी अडचण. मतदार कार्ड असते, पण निवडणुकीनंतर ते ट्रंकेत गेलेले असते. काढून पाहावे तर त्यावर माहेरचे नाव, आधारावर सासरचे, फोटो लग्नाआधीचा, जन्मसाल दोन ठिकाणी दोन. कुठे कार्ड सापडतच नाही. यावर उपाय आहे. दुरुस्ती, स्थलांतर किंवा नवे कार्ड यासाठी नमुना 8 भरावा. यादीत नावच नसेल तर नमुना 6. गावातल्या मतदान केंद्राचे बी.एल.ओ. असतात, बहुधा अंगणवाडीच्या ताई नाहीतर गुरुजी, त्यांना भेटावे, किंवा तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत जावे. कार्ड हातात यायला वेळ लागतो, म्हणून हे काम यात्रेचा इसार देण्याआधी करावे. एकदा पैसे भरले की पुढाऱ्याचा आग्रह होतो आणि बाई बिचारी आधारावर निघते.

पासपोर्ट काढला तर उत्तमच. आपला जिल्हा नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, आणि मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षे चालतो. पण एका नेपाळसाठी प्रत्येकाने तो काढलाच पाहिजे असे नाही.

‘सोनौलीला कोणी विचारत नाही, लोक चालत जातात,’ असेही ऐकायला मिळेल. गोरखपूरहून सोनौलीच्या नाक्यावर उतरले की पलीकडे भैरहवा. गर्दी इतकी की पुष्कळदा खरेच कोणी अडवत नाही. पण पलीकडे गेल्यावर लॉजवाला विचारतो, पोलीस विचारतात, आणि काठमांडूहून विमानाने परतायचे ठरले तर कार्डाशिवाय विमानात बसताच येत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये काठमांडूत आंदोलन पेटले, विमानतळ बंद पडला आणि महाराष्ट्रातलेही प्रवासी अडकले. त्याआधी 23 ऑगस्ट 2024 रोजी पोखराहून काठमांडूकडे निघालेली बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. तीत जळगाव जिल्ह्यातले यात्रेकरू होते, पंचवीसहून अधिक माणसे गेली. त्यांचे देह हवाई दलाच्या विमानाने महाराष्ट्रात आणावे लागले. अशा वेळी कोण कुठल्या गावचे, हे सांगणारा कागद अंगावर असावा लागतो. म्हणून निघताना सोबतच्या सगळ्यांची नावे, कार्डाचे क्रमांक आणि घरचा फोन यांची एक यादी गावात ठेवून जावी. कार्ड हरवलेच, तर काठमांडूच्या भारतीय वकिलातीत जाता येते. तिथेही क्रमांक ठाऊक असला तर काम लवकर होते.

पैशाचे थोडक्यात सांगतो. भारताचे 100 रुपये म्हणजे नेपाळचे 160, हा भाव 1993 पासून बांधलेला आहे. मोठ्या नोटांचे नियम 2016 नंतर अनेकदा बदलले, तेव्हा शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात. गाडी गावातूनच नेणार असाल तर नाक्यावर तिचा वेगळा परवाना आणि जकात भरावी लागते, तिला तिकडे भन्सार म्हणतात.

कार्ड मूळ न्यावे, झेरॉक्स नव्हे. झेरॉक्सच्या दोन प्रती करून एक पिशवीत ठेवावी आणि एक घरी. मूळ कार्ड बायांनी बटव्यात, पुरुषांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवावे. पुढाऱ्याकडे सगळ्यांची कार्डे एका थैलीत जमा करून देऊ नयेत.