तलवार नव्हे, काडतूस : १८७८ च्या कायद्याचा खरा घाव (थ्रेड)

१/
इंग्रजांनी हिंदुस्थानच्या हातातील तलवार काढून घेतली, असे सर्रास म्हटले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खरा घाव बसला तो आपली बंदूक आपणच भरण्याच्या सामर्थ्यावर. नागपूरच्या इतिहासातून हे स्पष्ट दिसते.

२/
तोड्याच्या बंदुकीला शिशाची गोळी, सोरा-गंधक-कोळशाची दारू आणि जळता तोडा एवढेच लागे. २६-२७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्यांच्या पदरचे अरब सीताबर्डीवर लढले, ते अशाच बंदुकांनी. धाकटी टेकडी त्यांनी घेतलीही. पण दारूच्या गाडीचा स्फोट झाला, गोंधळ उडाला आणि टेकडी हातची गेली. लढाई हरली, तरी दारू-गोळी देशातच तयार होत होती.

३/
१८६० नंतर चित्र पालटले. १८५७ मध्ये असंतोषाचे निमित्त ठरलेले कागदी काडतूस मागे पडले. गोळी, दारू आणि ठिणगी पाडणारी टोपी एकाच धातूच्या पुंगळीत आली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. झडलेली पुंगळी पुन्हा भरता येते. पण त्यासाठी नवी टोपी हवी आणि पुंगळी मूळ मापावर आणणारे दाबयंत्र हवे.

४/
लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्याने नेमके हेच हेरले. त्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत टोप्या आल्या, काडतुसाचे सुटे भाग आले आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीही आली. म्हणजे गोळी न भरलेले रिकामे यंत्रसुद्धा कायद्याच्या दृष्टीने दारूगोळाच!

५/
त्याच सुमारास अमेरिकेत घरी काडतुसे भरण्याची हातअवजारे उघड विकली जात होती. आजही तेथील नेमबाज निवांतपणे विचार करतो : एका वेळी एकच क्रिया करणारा साधा प्रेस घ्यावा, फिरत्या माथ्याचा घ्यावा, की दांड्याच्या प्रत्येक ओढीला तयार काडतूस देणारा? त्याच्यापुढे प्रश्न असतो वेग, खर्च आणि अचूकतेचा. नागपूरकरापुढे पहिला प्रश्न परवान्याचा उभा राहतो.

६/
मग १८७८ चा अन्याय कोणता? नियंत्रण हा नव्हे. नियमांनी युरोपियनांना सूट दिली आणि हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभे केले, हा तो अन्याय. त्या दुजाभावामुळे कायदा सुरक्षेचा न राहता अविश्वासाचा झाला.

७/
१९२७ मध्ये मंचरशा आवारी यांच्या नेतृत्वाखाली नागपुरात शस्त्र कायद्याविरुद्ध सत्याग्रह झाला. बंगालमधील स्थानबद्धांच्या सुटकेसाठी सत्याग्रही तलवारी घेऊन रस्त्यावर उतरले. गांधीजींनी या मार्गाला पाठिंबा दिला नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी : कायदा मोडायला त्यांच्या हाती तलवार होती. काडतुसाच्या युगात तलवार हे प्रतीकच उरले होते.

८/
१९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांत मात्र तो आला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही यंत्रसामग्री दारूगोळ्याच्या व्याख्येत कायम ठेवली. परवान्याविना निर्मिती आजही गुन्हाच आहे.

९/
वसाहतीचे हे कलम स्वतंत्र भारताने का जपले, असा आक्षेप घेतला जातो. महागडी काडतुसे झिजवत सराव करणाऱ्या नेमबाजाची तक्रार रास्तच आहे आणि तिचे उत्तर सुलभ, पारदर्शक परवान्यात शोधले पाहिजे. पण दारूचे माप चुकले तर बंदूक चालवणाऱ्याच्याच हातात फुटते. आणि बेहिशेबी काडतूस कोणाच्या छातीत घुसेल, हे सांगता येत नाही. सर्वांना सारखे लागू असलेले नियंत्रण ही गुलामी नव्हे.

१०/
आज नागपूरच्या अंबाझरीत आणि शेजारच्या भंडाऱ्यात देशाच्या सैन्यासाठी संरक्षण सामग्री तयार होते. गमावलेले सामर्थ्य परत आले ते असे : घराघरांतील यंत्रांतून नव्हे, तर प्रजासत्ताकाच्या कारखान्यांतून. १८७८ चा निषेध करताना दुजाभाव आणि नियंत्रण यांतला हा फरक विसरला, तर इतिहासाच्या नावाने केवळ राग उरतो.