ड्रोनची मोटर आणि बॅटरी : जोडी जुळवूनच घ्या



आपल्या शेळगाव भागात उसावर ड्रोनने फवारणी आता नवीन राहिली नाही. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवरचा पंप घेऊन सरीत शिरता येत नाही, पात्यांनी अंग कापतं, आणि मजूर तर आधीच नाही म्हणतो. तिथं एकरी दहा लिटर पाण्यात थोड्या मिनिटांत काम होतंय, हे चांगलंच आहे. मी ड्रोनच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो. माझं म्हणणं बॅटरीबद्दल आहे.

झालंय असं की, ड्रोनबरोबर आलेल्या बॅटऱ्या दमल्या की लोक मिळेल ती स्वस्त बॅटरी आणून बसवायला लागलेत. प्लग बसला म्हणजे बॅटरी बसली, असा हिशोब. गेल्या हंगामात शेजारच्या शिवारात अशाच एका ड्रोनने भरल्या टाकीनिशी मध्येच मान टाकली आणि तो उसात गेला. शोधायला अर्धा दिवस गेला. सगळ्यांनी चालवणाऱ्या पोराला धारेवर धरलं. मी बॅटरी हातात घेऊन बघितली, फुगलेली होती. पोराचा काय दोष त्यात?

आता मुद्द्यावर येतो. या मोटरींना ब्रशलेस म्हणतात आणि त्यांच्यावर केव्ही लिहिलेलं असतं. आपल्याला केव्ही म्हटलं की ११ केव्हीची लाइन आठवते, पण हा तो केव्ही नव्हे. एका व्होल्टला मोटर बिनओझ्याची किती फेरे मारते, तो हा आकडा. पोरांच्या रिमोटच्या गाडीतली मोटर ३००० केव्हीची असते, दोन सेलच्या ७.४ व्होल्टवर ती मिनिटाला बावीस हजार फेरे मारते. फवारणीच्या ड्रोनची मोटर साधारण १०० केव्हीची. बारा सेलच्या ४४.४ व्होल्टवर तिचे फेरे ४४४० होतात. गाडीला पळायचं असतं, ड्रोनला मोठं पातं फिरवून ओझं उचलायचं असतं. ट्रॅक्टर नांगरताना आपण कमी गियर टाकतो, तसंच हे. केव्ही कमी असला की एका अँपिअरला पीळ जास्त मिळतो.

म्हणून बॅटरी घेताना पहिला प्रश्न सेल किती हा. लिपोचा एक सेल सरासरी ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. बारा सेलच्या ड्रोनला सहाच सेल लावले तर तो जागेवरून उठणार नाही. चौदा सेल लावले तर पूर्ण भरल्यावर ५८.८ व्होल्ट जातात, आणि बारा सेलसाठी बनवलेला मोटरचा कंट्रोलर जळतो. इथंपर्यंत बहुतेकांना कळतंय. घोटाळा पुढे आहे.

दुसरा आकडा सी. १६००० एमएएचची बॅटरी म्हणजे १६ अँपिअर-तास. तिच्यावर १० सी लिहिलं असेल तर ती १६० अँपिअर द्यायला पाहिजे, ५ सी असेल तर ८०. समजा तुमचा ड्रोन भरल्या टाकीने नुसता हवेत थांबायलाच ८० अँपिअर ओढतो. मग वर उठताना, वारा आला तर, बांधावर वळताना लागणारा जादा करंट कुठून येणार? ५ सीची बॅटरी तिथंच गुडघे टेकते. आणि स्टिकरवर २५ सी छापायला काय लागतं? छापखाना लागतो फक्त. म्हणून मी स्टिकर बघत नाही, सेलचा अंतर्गत रोध मोजतो. चांगल्या चार्जरवर तो मिलिओहममध्ये दिसतो.

हे हिशोबाने सांगतो, कारण इथंच सगळं आहे. प्रत्येक सेलचा रोध २ मिलिओहम धरला तर बारा सेलचे २४. ८० अँपिअरला साधारण १.९ व्होल्ट बॅटरीतच जिरतात, दीडशे वॅट उष्णता होते. तीच बॅटरी जुनी होऊन सेलमागे ६ मिलिओहम झाली की ५.७ व्होल्ट जिरतात आणि साडेचारशे वॅटची शेगडी पोटात पेटते. वर आपलं मे महिन्याचं ऊन. दाब पडला की ड्रोन तेवढंच ओझं तोलायला अजून करंट ओढतो, त्याने दाब अजून पडतो. विहिरीवरची मोटर व्होल्टेज कमी असताना कशी घुरघुरते आणि वायंडिंग तापवते, ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

काही जण म्हणतात, मग मोठीच बॅटरी घेऊ, १६००० ऐवजी २२०००. घ्या, पण वजन बघा. बारा सेलच्या संचात साधारण किलो-दीड किलोचा फरक पडतो. छोट्या वर्गातला ड्रोन सगळं धरून २५ किलोच्या आत पाहिजे, मग तो दीड किलो टाकीतल्या पाण्यातूनच वजा करावा लागतो. शिवाय वजन वाढलं की हवेत थांबायलाही करंट जास्त. वेळ वाढतो, पण जेवढा पैसा तेवढा नाही.

अजून एक खोड. बऱ्याच ड्रोनमध्ये सहा-सहा सेलच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून बारा सेल करतात. एक खराब झाली की एकच नवीन आणतात. नव्या बैलाशेजारी म्हातारा बैल जुंपल्यासारखं होतं. स्क्रीनवर एकूण ४३.८ व्होल्ट दिसतात, सेलला सरासरी ३.६५, म्हणून गडी निवांत. प्रत्यक्षात नवी २३.४ वर आणि जुनी २०.४ वर, म्हणजे जुनीचे सेल ३.४ वर आलेले असतात. पुढच्या वळणाला ती बसणार. बदलायची तर जोडीच बदला, आणि जोडीवर रंगाने खूण करून ती कायम एकत्रच चार्ज करा.

आता माझं मत, काहींना टोचेल. याला निम्मे आपण शेतकरी जबाबदार आहोत. समजा बॅटरीचा संच ४० हजाराला पडला आणि ३०० चार्ज टिकला, तर एका चार्जला १३३ रुपये नुसती बॅटरीची झीज. वर जनरेटरचं पेट्रोल, कारण थ्री फेजची पाळी काही फवारणीच्या वेळेला येत नाही. बारा सेलची १६ अँपिअर-तासाची बॅटरी एका तासात भरायची तरी ८०० वॅट लागतात, वीस मिनिटांत भरायची तर त्याच्या तिप्पट. असं असताना आपण एकरामागे शंभर-शंभर रुपये घासाघीस करतो. मग तो पोरगा स्वस्त बॅटरी आणणार नाही तर काय करणार!

केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत अनुदान आहे, आणि पॅकेजमध्ये चार जादा बॅटरी संचही धरलेत. हे योग्यच केलं. पण ते संच संपल्यावर काय, हा प्रश्न गटातल्या बायकांच्या गळ्यात पडणार. त्यांना उड्डाण शिकवतात, औषधाचं प्रमाण शिकवतात. रोध मोजायलाही शिकवा. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राकडे आपण माती घेऊन जातो, तशी बॅटरी घेऊन जाता आली पाहिजे. वर्षातून दोनदा मोजणी ठेवली तरी पुष्कळ झालं. आणि विकणाऱ्याने बिलावर मोटरचा केव्ही, किती सेल चालतात, जास्तीत जास्त किती अँपिअर आणि बॅटरीचं वजन एवढं मराठीत लिहून द्यावं. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नये, मग पाच हजार स्वस्त का मिळेना.

शेवटी आगीचं. फुगलेली किंवा पडून चेमटलेली बॅटरी घरात, गोठ्यात, गंजीजवळ ठेवू नका. ती तासाभराने सुद्धा पेटते. वाळक्या पाचटात असा ड्रोन पडला तर आपला एकटा फड जळत नाही, बांधापलीकडचाही जातो. गाडीत वाळूची बादली ठेवा. गरम बॅटरी लगेच चार्जला लावू नका, सावलीत गार होऊ द्या. आणि पाऊस लागला, आठ-दहा दिवस काम नाही असं दिसलं, की पूर्ण भरून ठेवायच्या नाहीत आणि रिकाम्याही नाहीत. सेलला ३.८ च्या आसपास आणून ठेवायच्या.

माझ्याकडे रोध दाखवणारा चार्जर आहे. गावातल्या ज्यांना आपली बॅटरी मोजून बघायची असेल त्यांनी संध्याकाळी वस्तीवर या. येताना दोन्ही बॅटऱ्या आणा, एकटी आणू नका.