सहाशे गुणांचे मोल

नीट परीक्षेचा निकाल हाती आला की नातलगांचा पहिला प्रश्न ‘गुण किती?’ हाच असतो. उत्तर मिळताच दुसरा येतो, ‘गेल्या वर्षी तेवढ्याच गुणांत अमक्याच्या मुलीला शासकीय महाविद्यालय मिळाले होते ना?’ हिशेब चुकतो तो या दुसऱ्या प्रश्नापाशी. त्या चुकलेल्या हिशेबावर एक वर्ष पुन्हा परीक्षेला बसण्याचा निर्णय होतो, मुदतठेव मोडली जाते, क्वचित राहत्या घरावर कर्जही काढले जाते.

दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. २०२४ च्या नीटमध्ये ७२० पैकी ६०० गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचा अखिल भारतीय क्रमांक ऐंशी हजारांच्या घरात होता. २०२५ मध्ये तेवढ्याच गुणांना तेराशेच्या आसपासचा क्रमांक लाभला. २०२४ मध्ये सतरा जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये देशात पहिला आलेल्या विद्यार्थ्याला ६८६. मुले एका वर्षात मंद झाली नव्हती. प्रश्नपत्रिका, विशेषतः भौतिकशास्त्राची, कठीण निघाली आणि आधीची सवलतही गेली. २०२४ पर्यंत २०० प्रश्नांतून १८० निवडता येत व वेळ २०० मिनिटे असे. २०२५ मध्ये १८० प्रश्न, सर्व अनिवार्य, आणि मिनिटेही १८०.

तेव्हा २०२४ मध्ये ६०० गुण मिळवून प्रवेशाविना राहिलेल्या मुलाने पुढील वर्षी ५५० मिळवले, तर घरात निराशा पसरणे स्वाभाविक आहे. पण ते अनाठायी आहे. २०२५ मधील ५५० गुणांचा क्रमांक बारा हजारांच्या आसपास येतो. पन्नास गुण घटले आणि सुमारे अडुसष्ट हजार स्पर्धक मागे पडले. १९९० सालचे हजार रुपये आणि आजचे हजार रुपये यांची बेरीज कोणी डोळे मिटून करीत नाही. गुणांच्या बाबतीत मात्र सुशिक्षित माणसेही तसे करतात.

मुळात हे गुण येतात कसे? बरोबर उत्तरास चार, चुकीच्या उत्तरास उणे एक, सोडलेल्या प्रश्नास शून्य. जीवशास्त्राचे ९० प्रश्न, भौतिक व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५. या साध्या गणिताने २०२४ मध्ये एक मोठा गोंधळ उघडकीस आणला. सर्व प्रश्न बरोबर असतील तर ७२०. एक सोडला तर ७१६. एक चुकला तर ७१५. म्हणजे ७१९ किंवा ७१८ हे आकडे संभवतच नाहीत. तरीही ते निकालात झळकले. काही केंद्रांवर वेळ वाया गेल्याबद्दल १,५६३ विद्यार्थ्यांना भरपाईचे गुण दिले गेले होते, असे मग समोर आले. ते गुण रद्द झाले आणि २३ जून २०२४ रोजी फेरपरीक्षा ठेवण्यात आली. तिला ८१३ जण बसले. गुणपत्रिकेवरील आकडा संभाव्य तरी आहे का, हे पाहण्याची दृष्टी किती उपयोगी पडते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

त्याच वर्षी भौतिकशास्त्रातील एका प्रश्नाची दोन उत्तरे ग्राह्य धरली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचे मत मागवले आणि एकच उत्तर बरोबर ठरले. दुसरे उत्तर निवडणाऱ्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे मिळालेले चार गुण गेले आणि वर एक उणे झाला. पाच गुणांच्या या फरकाने ७२० गुणांचे मानकरी एकसष्टवरून सतरावर आले.

आता पर्सेंटाइल. हा शब्द टक्केवारीसारखा वाटतो, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणारे शेकडा किती, एवढेच तो सांगतो. खुल्या गटासाठी पात्रता पन्नास पर्सेंटाइल आहे. २०२५ मध्ये त्याचा अर्थ १४४ गुण, म्हणजे ७२० च्या बरोबर वीस टक्के, असा झाला. ‘मुलगा नीट पास झाला’ म्हणून पेढे वाटताना हे ध्यानात असावे. त्या वर्षी २२ लाखांवर विद्यार्थी परीक्षेला बसले, १२ लाखांवर पात्र ठरले आणि देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. ९५ पर्सेंटाइल कानाला गोड लागते. प्रत्यक्षात त्या विद्यार्थ्याच्या पुढे एक लाख दहा हजार जण उभे असतात.

गुण समान आले तर आधी जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे, मग भौतिकशास्त्राचे गुण पाहतात. त्यानंतर चुकीच्या व बरोबर उत्तरांचे प्रमाण. पूर्वी वयाने मोठ्यास प्राधान्य मिळत असे. मधल्या पट्ट्यात एकेका गुणावर शेकडो विद्यार्थी असल्याने हा नियम केवळ कागदी नाही.

नीट-यूजी एकाच दिवशी, एकाच सत्रात होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. एमएचटी-सीईटी अनेक सत्रांत होते, म्हणून तिथे प्रत्येक सत्रातील पर्सेंटाइल काढून ते एकत्र जुळवावे लागते. पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी २०२४ मध्ये दोन सत्रांत झाली आणि त्या जुळवणीवरून वाद झाला. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच सत्राचा आदेश दिला व परीक्षा ३ ऑगस्टला झाली. दोन प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी तंतोतंत समान असू शकत नाही, हे साधे सत्य त्यामागे होते.

तामिळनाडूने आणखी वेगळा मार्ग धरला होता. नीट लागू होण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे तेथे प्रवेश परीक्षाच नव्हती. बारावीच्या जीवशास्त्राचे गुण शंभरपैकी, भौतिक व रसायनशास्त्राचे प्रत्येकी पन्नासपैकी धरून दोनशेचा ‘कटऑफ’ निघे. निम्मे वजन जीवशास्त्राला, जसे आज नीटमध्येही आहे. फरक एवढाच की तेथे बारावीचा प्रत्येक गुण मोलाचा होता. आज खुल्या गटासाठी बारावीत भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून पन्नास टक्के झाले की त्या गुणांचे काम संपते. शाळेच्या वर्गाला याची झळ बसली आहे, हे नाकारता येणार नाही.

प्रवेशाच्या दारात आणखी एक गफलत होते. शासकीय महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. तिथे अखिल भारतीय क्रमांक लागतो. उरलेल्या पंच्याऐंशी टक्के जागांसाठी महाराष्ट्राचा सीईटी सेल आपली गुणवत्ता यादी लावतो आणि तिच्यातील क्रमांक अर्थातच पुष्कळ लहान असतो. एका यादीतील क्रमांक दुसऱ्या यादीच्या कटऑफशी ताडून पाहणे व्यर्थ. मागील वर्षाची यादी पाहायची तर गुणांचा रकाना झाकून ठेवावा. क्रमांक, प्रवर्ग आणि शेवटच्या फेरीची नोंद तेवढी पाहावी.

आणि हे सारे राज्याच्या यादीत नाव लागले तरच. त्यासाठी, थोडे अपवाद वगळता, अधिवासाबरोबरच दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण व्हाव्या लागतात. दहावीनंतर मुलाला कोट्याला पाठवून बारावीही राजस्थानातून देण्याचे ठरवणाऱ्या पालकांनी शिकवणीच्या शुल्काआधी या अटीची चौकशी करावी. तिथून कितीही चांगला क्रमांक घेऊन परतला तरी त्या मुलाला महाराष्ट्राच्या पंच्याऐंशी टक्क्यांच्या रांगेत सहसा उभे राहता येत नाही.